गरम झाल्यावर बंद पडणारा ट्रॅक्टर

श्यामला येलहंक्याला आली होती ती ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या गृहप्रवेशाला. लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीच्या गल्लीत घर शोधता शोधता तिला एका फाटकाआड जुनापुराणा ट्रॅक्टर दिसला, आणि त्याच्या पुढ्यात वाकून हँडल मारणारा एक तरुण. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. "आयला, परत तेच," तो स्वतःशी पुटपुटला आणि त्याने हँडलवर पुन्हा मूठ आवळली. ती मूठ बघून श्यामला विचार न करता आत शिरली.

"अंगठा काढा."

त्याने वर पाहिलं. इरकली साडी, केसांत अबोली, हातात रंगीत कागदात गुंडाळलेलं कसलंसं खोकं. एवढ्या दूर, कानडी शहराच्या टोकाला येलहंक्यात, ही बाई मराठीत अंगठा काढायला सांगत होती.

"इंजिन उलटा झटका देतं," ती म्हणाली. "अंगठा असा वेढलेला असेल तर मोडतो. बोटांच्याच बाजूला ठेवा. आणि हँडल खालून वर ओढा, दाबू नका."

त्याने अंगठा काढला. तिसऱ्या हिसक्याला इंजिन धडधडलं, आणि तो इतका निर्मळ हसला की श्यामला गृहप्रवेशाचा मुहूर्त विसरली. दहाएक मिनिटांनी ट्रॅक्टर आपोआप बंद पडला. ती तेव्हाही तिथेच उभी होती.

तो शुभंकर, पुण्याचा, आयटीतला. मल्लाप्पांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. ती निपाणीची. वडिलांचं तिथे ट्रॅक्टरचं गॅरेज, आणि ती स्वतः बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात गाड्यांचं वायरिंग तपासायची. मल्लाप्पा सत्तरी ओलांडलेले. हा लेआउट एकेकाळी त्यांचं नाचणीचं शेत होता. शेत गेलं, ट्रॅक्टर राहिला होता. आता दसऱ्यानंतर तोही एका कृषी महाविद्यालयाच्या संग्रहात जायचा होता. त्याआधी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला, चाकाखाली लिंबू ठेवून त्याने स्वतःच्या ताकदीवर ते चिरडावं आणि जुन्या शेताच्या हद्दीवरून एक फेरी मारावी, एवढीच त्यांची इच्छा होती. गेली काही वर्षं गल्लीतली माणसं तो ढकलून लिंबावर चढवत होती, आणि ते मल्लाप्पांना फार लागायचं.

श्यामलाने त्यांना कन्नडमध्ये सांगितलं, "अण्णा, पुढच्या रविवारी मी हत्यारं घेऊन येते." सांगताना तिने शुभंकरकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरजही नव्हती, तो ऐकत होता.

रविवारमागून रविवार ती येत राहिली. मेट्रो, मग बस, मग रिक्षा. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रूममेट अमृता म्हणायची, येलहंक्याला जायचं म्हणजे परगावच की, डबा तरी घेऊन जा.

ट्रॅक्टर जुन्या धाटणीचा, ठिणगीवर चालणारा होता. पेट्रोलवर सुरू व्हायचा, मग रॉकेलवर चालायचा. थंड असताना शहाण्यासारखा वागायचा आणि तापला की मान टाकायचा. श्यामला प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवायची, शुभंकर हँडल फिरवायचा. थंड इंजिनावर ठिणगी निळी, टच्च वाजणारी. तापल्यावर तीच पिवळट, मरगळलेली, आणि मग नाहीच. एकदा बंद पडला की निवेपर्यंत काही करता यायचं नाही. तासभर नुसतं बसायचं.

त्या तासाचीच ती आठवडाभर वाट बघायची.

फणसाच्या झाडाखाली दोघं बसायची. मल्लाप्पा आतून स्टीलच्या पेल्यांत कॉफी आणून ठेवायचे आणि मुद्दाम लांब जाऊन बसायचे. शुभंकर दुसऱ्याच रविवारी तिला अगंतुगं करू लागला. तिच्या तोंडातलं 'तुम्ही' मात्र काही जात नव्हतं. एकदा तो ट्रॅक्टरला खटारा म्हणाला, तेव्हा ती रागावून पाना पुसत बसली.

"इंजिन निवायला किती वेळ?" त्याने विचारलं.

"तासभर."

"आणि तुझा राग?"

"तो गरम असतानाही चालतो."

हसता हसता त्याने तिच्या गालावरचा ग्रीसचा डाग दाखवायला बोट पुढे केलं — आणि गालाच्या अगदी जवळ नेऊन थांबवलं. तेवढ्यात डोक्यावरून हवाई दलाचं सरावाचं विमान गेलं. तो आवाज सुरू झाला की येलहंक्यात सगळ्यांचंच बोलणं थांबतं. आवाज संपेपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग तो म्हणाला, "डाग... तिथे," आणि ती म्हणाली, "हो." दोघांनीही तो पुसला नाही.

पुढच्याच रविवारी त्याने सांगितलं, की पुण्याची बदली मंजूर झाली. जूनमध्ये त्यानेच मागितली होती, तेव्हा इथे थांबण्यासारखं काही नव्हतं. आयुधपूजेच्या दिवशीच निघायचं होतं.

"छान झालं," श्यामला म्हणाली, आणि नुकतीच नीट बसवलेली, ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटची फट तिने पुन्हा एकदा मोजली.

खरं तर दोष कुठे आहे ते तिला केव्हाच कळलं होतं. बंद पडलेल्या इंजिनाजवळच्या, प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलवर तिने हात ठेवला, तर तळहात टेकवेना. तापली की ती ठिणगी देणंच बंद करायची. जेसी रोडच्या दुकानातून श्यामलाने नवी कॉइल आणली, पिशवीत तळाला ठेवली... आणि बसवली नाही. एका वेळी एकच भाग बदलायचा, नाहीतर बिघाड कशाचा होता ते कधीच कळत नाही, ही वडिलांची शिकवण. श्यामलाने त्या शिकवणीचाच आधार घेतला. एका रविवारी प्लग, एका रविवारी पॉइंट, एका रविवारी कंडेन्सर. सगळं कसं पद्धतशीर. कुणी बोट ठेवू शकलं नसतं. ट्रॅक्टर दुरुस्त झाला असता, तर पुढच्या रविवारी कुठल्या तोंडाने आली असती ती?

आयुधपूजेच्या आधीच्या रविवारी ती रिक्षातून उतरली तेव्हा शेड रिकामी होती. मुख्य रस्त्यावरून हॉर्नचा कल्लोळ ऐकू येत होता.

मल्लाप्पांनी कुणाला न सांगता ट्रॅक्टर बाहेर काढला होता. नव्या कंडेन्सरवर त्यांचा विश्वास बसला होता. वळणावरच तो बंद पडला होता, मधोमध, बसच्या पुढ्यात. शुभंकर हात हलवून गाड्यांना वाट करून देत होता. काही जण मोबाइल धरून हसत होते. मल्लाप्पा सीटवरून उतरले नव्हते. स्टिअरिंग घट्ट धरून ते सरळ पुढे बघत होते, जणू ट्रॅक्टर चालूच आहे.

श्यामला धावतच ट्रॅक्टरपाशी पोचली. तिने पिशवी रस्त्यावर उपडी केली आणि तळातलं खोकं उचललं. कोपरे झिजलेले, छपाई पुसट झालेली. जुनी कॉइल काढताना तिची बोटं भाजली, पण तिने फडकं घेतलं नाही. शुभंकर शेजारी येऊन वाकला. त्याने खोक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ही आज आणलेली नाही."

"नाही," ती वायर आवळत म्हणाली. "तिसऱ्या रविवारपासून माझ्याकडे आहे."

"मग बसवली का नाहीस?"

"बसवली असती तर ट्रॅक्टर बंद पडला नसता. आणि बंद पडला नसता तर... मी कशाला आले असते?"

मागून बसवाल्याने जोरात हॉर्न दिला. शुभंकर उठून पुढे गेला. त्याने हँडल लावलं आणि एका हिसक्यात इंजिन सुरू केलं.

घरी गेल्यावर तिने मल्लाप्पांना सगळं सांगितलं. कन्नडमध्ये, उभ्यानेच, काही न लपवता. ते बराच वेळ ट्रॅक्टरच्या आवाजाकडे कान लावून बसले. मग शांतपणे म्हणाले, मला सांगितलं असतंस पोरी, तर आणखी चार रविवार मी खुशीने दिले असते. मला घाई कुठे होती? पण रस्त्यावर नको होतं. एवढं बोलून ते आत गेले. त्या दिवशी कॉफी आली नाही.

ट्रॅक्टर तासभर चालला, तापला, आणि तरीही चालत राहिला. बसायला निमित्त उरलं नव्हतं. श्यामला निघाली तेव्हा शुभंकर फाटकापर्यंत आला.

"नुसतं 'येऊ का' म्हणून विचारलं असतंस तर?"

"तुम्ही काय म्हणाला असता?"

"ये म्हणालो असतो. रोज."

"मग तुम्ही का नाही बोलावलंत?"

रिक्षा आली आणि ती बसली. शहर ओलांडेपर्यंत तिने डोळे पुसले नाहीत, कारण पुसले असते तर मेट्रोतल्या शेजारच्या बाईने विचारलं असतं.

आयुधपूजेच्या दिवशी बोलावणं मल्लाप्पांनीच पाठवलं. ट्रॅक्टर धुऊन पुसून, झेंडूच्या माळा आणि हळदीकुंकू लेऊन उभा होता. लिंबं चिरडली गेली. मल्लाप्पा हद्दीवरून फेरी मारायला निघाले. उंच इमारतींच्या मधून, जिथे त्यांचे बांध होते तिथून बरोबर वळत. आवाज दूर दूर गेला, पण थांबला नाही. जिन्याजवळ शुभंकरची बांधलेली खोकी पडली होती.

"मी ऑफिसला विचारलं," तो म्हणाला. "बदली आता मागे घेता येत नाही म्हणाले. वर्षभर तरी तिकडेच. श्यामला, मला जायचं नाहीये... पण जावं लागेल."

ती त्याच्याकडे वळली. आज हातात पाना नव्हता, हत्यारांची पिशवी नव्हती. कशामागे लपायला काही नव्हतं.

"तुमची बस निपाणीवरून जाते," ती म्हणाली. "उजाडताना पोचते. उतरा. दसऱ्याचा दिवस आमच्या घरी काढा, मग पुढे जा."

"तुझे बाबा विचारतील, कशासाठी आलात."

"विचारतीलच."

"मग काय सांगू?"

"मला मागायला आलात, असं सांगा. यायचं असेल त्यासाठी, तर."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती बघत होती — नजर न वळवता. त्याने तिचा हात हातात घेतला आणि कॉइलने भाजलेल्या बोटांवर हलकेच अंगठा फिरवला.

"आणि तू कधी येशील निपाणीला?"

"तुमच्याच बसने. अण्णांना विचारून तुमच्या पुढच्या रांगेत जागा घेतलीय," श्यामला म्हणाली. "पुरुषाशेजारची जागा बाईला देत नाहीत म्हणे. मागून दिसेन मी तुम्हाला, रात्रभर."

"आणि निपाणीच्या पुढे?"

"निपाणीच्या पुढे तुम्ही एकटे," ती म्हणाली. "सध्या."

वळणाआडून ट्रॅक्टर परत येत होता. त्याने तिचा हात सोडला नाही.