कड्यावरचा पाचवा मुक्काम

खुलताबादच्या डोंगरावरून निघायचं आणि माथ्यामाथ्यानं चालत कन्नडच्या घाटापर्यंत पोचायचं. नव्वद किलोमीटर, सहा दिवस, पाच मुक्काम! शहरातल्या गिर्यारोहकांच्या एका मंडळानं ही पायवाट आखायचं ठरवलं, तेव्हा नकाशावर रेघ ओढायला एक संध्याकाळ पुरली. पण त्या रेघेवर माणसांनी तंबू कुठं ठोकायचे, हे नकाशा सांगत नव्हता. त्यासाठी कुणीतरी आधी चालून यायला हवं होतं. मंजुषा दांडगे हिनं ते काम मागून घेतलं.

मंजुषा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासायची. वय एकोणचाळीस. केसाएवढी चूक तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि आपली नजर चुकत नाही यावर तिचा पक्का विश्वास होता. तिच्या सोबत करमाडचा शिवराज होता. लग्नांची छायाचित्रं काढणारा, सव्वीस वर्षांचा, पाठीवर ड्रोन घेऊन हसतमुखानं डोंगर चढणारा. मंडळाच्या पत्रकासाठी प्रत्येक मुक्कामाचं छायाचित्र त्यानं काढायचं होतं.

तिसऱ्या होत्या कस्तुराबाई. वय पंचावन्नच्या पुढं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पायवाटेच्या शेवटच्या टप्प्यावर हिवरवस्ती नावाची मेंढपाळांची वस्ती होती, तिथल्या त्या. चाळीस वर्षं मेंढरं घेऊन त्या या डोंगरांतून फिरल्या होत्या. वाट दाखवायला त्या तयार झाल्या, पण एक अट घालून. वाट हिवरवस्तीवरून गेली पाहिजे. चालणारी माणसं आली, तर कस्तुराबाईंच्या दोन्ही सुनांना घरी राहून स्वयंपाकाचं काम मिळणार होतं. नाहीतर त्यांना पुन्हा ऊसतोडीला जावं लागणार होतं. मंडळाचं म्हणणंही स्पष्ट होतं. पाचवा मुक्काम चांगला मिळाला तर वाट हिवरवस्तीवरून न्यायची, नाहीतर चौथ्या मुक्कामावरूनच खाली उतरवून संपवायची.

जानेवारीतल्या एका थंड सकाळी तिघं निघाली. मुक्कामाची जागा सपाट हवी, दहा मिनिटांवर पाणी हवं, वाऱ्याला आडोसा हवा आणि संध्याकाळी बसून बघत राहावं असं काहीतरी समोर हवं, एवढं मंजुषानं वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं.

पहिला मुक्काम सहज मिळाला. दुसऱ्या दिवशी मंजुषाला ओढ्यातली पांढरी, मऊ वाळू आवडली. कस्तुराबाईंनी काठीनं करवंदीची जाळी दाखवली. डोक्याएवढ्या उंचीवर वाळलेलं गवत अडकलं होतं. पाणी तिथवर चढतं! मंजुषानं जागा वर हलवली. तिसऱ्या दिवशी उलटं झालं. मार्चपर्यंत हमखास वाहतो असं कस्तुराबाई ज्या झऱ्याबद्दल सांगत होत्या, तो ठणठणीत कोरडा निघाला. तिघांत मिळून अर्धा लिटर पाणी, आणि पुढं सगळा उघडा माळ. मंजुषा नकाशातल्या उंचीच्या रेषा बघत बसली आणि म्हणाली की या खिंडीच्या मागं पाणी साठलेलं असणार. दीड तास चालल्यावर खरंच एक डोह लागला. कस्तुराबाई ओंजळीनं पाणी प्याल्या आणि हसून म्हणाल्या, की कागदाला बी कळतं म्हणायचं! त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

पाचव्या दिवशी दुपारी माथ्याची वाट एका कड्याशी येऊन थांबली, आणि तिघंही जागीच थबकली. कड्याच्या पोटात एक प्रशस्त कपार होती. दहा तंबू सहज मावतील एवढी लांब, फरशी घातल्यासारखी सपाट. वर दगडाचं छत, मागच्या भिंतीतून ठिबकणारं गार पाणी. आणि समोर! पायाखाली दरी सरळ तुटत गेलेली, तिच्या तळाशी सागाचं पिवळं पडलेलं रान, त्यापलीकडं एकामागं एक निळ्या होत गेलेल्या डोंगररांगा आणि त्यांच्याही पलीकडं उन्हात चमकणारं खानदेशाचं सपाट मैदान. असं दृश्य मंजुषानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

कपारीत शिरायला एकच वाट होती. कड्याच्या अंगानं गेलेली, पंधरा पावलांची, जेमतेम दोन विती रुंद.

“इथं बसायला लई चांगलं हाय,” कस्तुराबाई म्हणाल्या. “राहायला नाय. यायला जायला एकच वाट असली, तर मी मेंढरं बी बसवत नाय.”

मंजुषानं त्यांचं ऐकून घेतलं, पण तिचा निर्णय झाला होता. वाटेवर लोखंडी खुंट्या मारता येतील, दोर बांधता येईल. याच्या तोडीची जागा साऱ्या मराठवाड्यात मिळणार नाही, मंडळ एका क्षणात होकार देईल आणि वाट हिवरवस्तीला जाईल, असं तिनं समजावलं. वस्तीचं नाव निघाल्यावर कस्तुराबाईंनी वाद घातला नाही. मंजुषानं कपारीत नमुना म्हणून तंबू उभारला आणि शिवराजला समोरून छायाचित्र घ्यायला सांगितलं.

शिवराज कपारीच्या काठापासून थोडा अलीकडं जाऊन उभा राहिला. ड्रोन घरघरत दरीवर गेलं, वळलं, वर चढलं. हातातल्या पडद्यावर कपार दिसली, केशरी तंबू दिसला. मग छताच्या वरचा, आतून कधीच न दिसणारा कडा दिसला. त्यावर अर्धचंद्राच्या आकाराचे सहा काळे डाग होते. शिवराजला वाटलं, पाणी पाझरून पडलेले डाग असतील. इतक्यात एका डागावरून लाट गेल्यासारखी झाली.

“ताई, हे काय आहे बघा बरं?”

मंजुषा तंबूतून वाकून बाहेर येईपर्यंत पडदा काळा झाला होता. ड्रोन गिरक्या घेत दरीत कोसळलं. आणि मग तो आवाज आला!

“मोहोळ उठलं!” कस्तुराबाई ओरडल्या. “आगी मोहोळ हाय!”

क्षणात हवा काळी झाली. मधमाश्या शिवराजवर तुटून पडल्या. मानेवर, कानांवर, डोळ्यांवर! तो हात झाडत धावू लागला. डोळे मिटलेले होते. काठ चार पावलांवर होता. तीन! कस्तुराबाईंनी घोंगडी डोक्यावर ओढली आणि भिंतीचा आसरा सोडून सरळ त्याच्याकडं झेप घेतली. त्याचा पाय धरून त्यांनी त्याला खाली पाडलं, घोंगडी त्याच्या अंगावर टाकली आणि स्वतःही तिच्यात शिरल्या.

मंजुषा तंबूच्या तोंडाशी होती. ती आत शिरली. चेन अर्धी ओढलीही. अर्ध्या फटीतून तिला ती घोंगडी दिसली. हलणारी, सरपटणारी, आणि चुकीच्या बाजूला जाणारी! आत दोघांनाही काही दिसत नव्हतं.

तिनं चेन उघडली आणि डोकं बाहेर काढलं.

“मावशी, थांबा! तिकडं दरी आहे! उजवीकडं वळा! माझ्या आवाजाकडं या!”

पहिला डंख ओठावर बसला. दुसरा गालावर. तिसरा डोळ्याखाली. ती ओरडत राहिली. दहा पावलं! आठ! असंच सरळ! पाच! ओठ सुजून शब्द फुटेनासे झाले, तेव्हा तिनं जेवणाच्या थाळीवर पाण्याची बाटली आपटायला सुरुवात केली. घोंगडी तंबूला टेकली. दोघांना आत ओढून तिनं चेन लावली आणि आत शिरलेल्या मधमाश्या वहीनं मारल्या.

बाहेर तंबूच्या कापडावर गारा पडाव्यात तसा मधमाश्यांचा मारा चालू होता. शिवराजचा चेहरा ओळखू येत नव्हता. मंजुषानं कारखान्याच्या ओळखपत्राच्या कडेनं त्याच्या अंगातले काटे एकेक खरवडून काढले. एक्केचाळीस निघाले. औषधांच्या पेटीतली ॲलर्जीची गोळी तिनं त्याला दिली. त्याला दोनदा उलटी झाली. त्याचा श्वास अडकत नाही ना, हे ती घड्याळ लावून दर दहा मिनिटांनी बघत होती. कस्तुराबाईंच्या हातांवर तीस एक डंख होते, पण त्यांनी आधी पोराचं बघा म्हणून तिला आपल्याला हातच लावू दिला नाही.

“चूक माझी आहे, मावशी,” मंजुषा जड झालेल्या ओठांनी म्हणाली. “तुम्ही सांगत होता.”

“मला बी मोहोळ ठाव नव्हतं,” कस्तुराबाई म्हणाल्या. “आता रडू नगं. दिवस मावळायला आला की माश्या घरला जात्यात. अंधार पडायच्या आत निघायचं.”

अडीच तास तिघं त्या कोंदट तंबूत बसून राहिली. हळूहळू कापडावरचा आवाज विरळ झाला. सूर्य रांगेला टेकला, गार वारा सुटला. मंजुषानं बोटभर फट करून पाहिलं. हवा मोकळी होती.

तंबू तिथंच सोडला. सामान सोडलं. घेतला फक्त दोर, पाण्याची बाटली, वही आणि शिवराजचा फोन. शिवराजचे डोळे पूर्ण मिटले होते आणि पुढं ती दोन विती रुंदीची वाट होती. मंजुषानं त्याच्या कमरेला दोर बांधला. पुढं ती स्वतः, त्याचे हात धरून एकेका खाचेवर ठेवणारी. मागं कस्तुराबाई, वाकून त्याचं एकेक पाऊल जागेवर बसवणाऱ्या. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. डोक्यावर सहा पोळी निपचित लटकत होती. सातव्या पावलाला शिवराजचा पाय घसरला! दगड सुटून खाली गेला आणि बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला. कस्तुराबाईंनी त्याचा घोटा दाबून धरला होता. तो जोरजोरात श्वास घेत तसाच भिंतीला चिकटून राहिला, मग त्यानं मान हलवली आणि पुढचं पाऊल उचललं. शेवटी पायाखाली गवत लागलं, तेव्हा तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

वस्ती तासाभराच्या उतारावर होती. कस्तुराबाईंचे दीर कडुबा यांनी पिकअप काढली आणि त्याला कन्नडला दवाखान्यात पोचवलं. दोन दिवस ठेवून घेतल्यावर डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मंजुषा त्याला भेटायला गेली. त्याचा एक डोळा उघडला होता. त्यानं फोन तिच्यापुढं धरला. ड्रोन गेलं होतं, पण पडण्याआधीचं एक छायाचित्र फोनवर उतरलं होतं. उन्हात उजळलेली कपार, केशरी तंबू आणि खाली निळी दरी. त्यानं आजवर काढलेलं सगळ्यांत सुंदर छायाचित्र!

“मंडळाला हे दिलं तर?” त्यानं विचारलं.

“तर लगेच मंजूर होईल,” मंजुषा म्हणाली. “मी नको म्हटलं तरी बघणारे वाट शोधत जातील. छायाचित्र तुझं आहे. तू ठरव.”

शिवराजनं ते एकदा नीट पाहिलं. मग अंगठ्यानं त्यानंच ते पुसून टाकलं.

त्याच दिवशी दुपारी मंजुषा आणि कस्तुराबाई वस्तीच्या वरच्या माळावर गेल्या. दगडी बांध घातलेली विहीर, हिवराची झाडं, तिन्ही बाजूंनी उतरायला मोकळी जागा. दरी इथून दिसत नव्हती. पण संध्याकाळ झाली तसा समोरचा कडा तांबूस होत गेला, पार वरपर्यंत, आणि दोघी बघत बसल्या. मंजुषानं वही काढली, माप घेतलं आणि चुन्याचा डबा उघडला.

“वीस पावलं सरका,” कस्तुराबाई म्हणाल्या. “सकाळी मेंढरं ह्याच अंगानं पाण्याला येत्यात. तंबूत शिरतील.”

मंजुषानं पावलं मोजली. विसाव्या पावलावर एक सपाट दगड होता. त्यावर तिनं चुन्यानं ठसठशीत पाचचा आकडा काढला, आणि हिवरवस्ती वाटेवर आली!