गाब्रोवोच्या पाहुणीचं ताट

"तिसरा दिवस!" गुणाबाईने भरलेलं ताट ओट्यावर आदळलं आणि मटकन खाली बसली. "या उन्हात चुलीपुढं जीव जाते माहा! दोन घास खाते पाव्हणी, अन् 'नेऊ का?' म्हटलं की मान डोलावते. 'ने! ने!' म्हणते. तेवढं मराठी बरं येते तिले! आता बॅगही भरून ठेवली. माह्या हातची चवच गेली, दुसरं काय!"

आईचे डोळे भरलेले पाहून तेरा वर्षांच्या दिव्यानीला कसंसंच झालं. सिंदेवाहीजवळच्या त्यांच्या घरी जंगल बघायला आलेली माणसं उतरत. ही येलेनाबाई थेट बल्गेरियातली. दुभाष्या तापाने फणफणून नागपूरला परतला होता, आणि घरात मोबाईलला रेंज नव्हती.

दुपारी मामेभाऊ प्रणित धापा टाकत आला. "दिव्याने! पाव्हणी टेंभराच्या झाडाखाली बसून फळं हाणून राह्यली! हावऱ्यावानी!"

"भूक आहे, तर जेवत काऊन नाई?"

उन्हाने दिव्यानीचं डोकं ठणकत होतं, पाय उचलत नव्हते. तरी दोघं रेंजसाठी टेकडी चढले. फोटो दाखवताना येलेनाबाईने आपल्या गावाचं नाव सांगितलं होतं, गाब्रोवो.

"डोंगरातलं, नदीकाठचं गाव," प्रणित वाचू लागला. "लोक भलते चिक्कट! थंडीत मांजर आत येताना दार लवकर लावता यावं म्हणून तिची शेपटीच कापतात म्हणे! स्वतःच सांगतात अन् स्वतःच हसतात."

"चिक्कट माणूस वाढलेलं ताट सोडते का, येड्या? आण इकडं!" दिव्यानीने मोबाईल ओढला आणि किंचाळलीच. "अरे! तिकडं 'हो' म्हणायचं तर मान आडवी हलवतात! वरखाली डोलावली तर 'नाही'! अन् त्यांच्या भाषेत 'नाही' म्हणजे... 'ने'!"

संध्याकाळी दिव्यानीने आई-बाबांना टेकडीवर वाचलेलं सगळं सांगितलं आणि त्यांच्यासमोर मुद्दाम पाहुणीच्या ताटाला हात लावला. "नेऊ का?"

"ने! ने!" येलेनाबाईने ताट घट्ट धरलं.

"भात वाढू?"

बाईने मान जोरजोरात आडवी हलवली. गुणाबाईने डोळ्यांना पदर लावला. "बापा! तीन दिवस उपाशी ठेवलं मी हिले!"

"शाब्बास, पोट्टेहो! आम्हा मोठ्यांले नाई समजलं ते!" दिव्यानीचे बाबा, गुणवंतराव, हसत सुटले. "गाब्रोवोचे चिक्कट म्हणे! अन् जेवत्या माणसाचं ताट ओढणारे आपण कोण?"

प्रणितने बोटांची कात्री करून मांजराची शेपटी कापली, मग ताट ओढून दाखवलं. येलेनाबाई ठसका लागेपर्यंत हसली.

दिव्यानीने भरलेल्या बॅगेकडे बोट दाखवलं. "उद्या जाता?"

"ने!"

गुणाबाईने आणखी भात वाढला आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच पाय पसरून बसली.