चौथी आठवण

दीपमाला लाखांदूरच्या एसटीतून उतरली तेव्हा ऊन कललं होतं. काम तसं साधंच. आईला खरं काय ते सांगायचं आणि उद्या नागपूरला विद्यापीठात परतायचं.

मन आणि मेंदू हा तिचा अभ्यासाचा विषय. माणसाला त्याच्या तीन खऱ्या आठवणी सांगायच्या, चौथी खोटी मिसळायची आणि पुढे तीही त्याला 'आठवते' का ते बघायचं, असा तिचा प्रयोग. घरच्यांवर करू नका, असं सरांनी बजावलं होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. हिने पहिला प्रयोग केला तो आईवरच, विमलाबाईंवर. एकुलत्या एक पोरीला बहीण हवी असायचीच, म्हणून खोटी आठवणही तशीच निघाली. भाताच्या रोवणीला येणाऱ्या बायांसोबत आलेली रीता नावाची पोर, काही दिवस आपल्या घरी राहिलेली.

"अशी कोणी नोती वं," आई तेव्हा म्हणाली होती. पुढच्या खेपेला तिला रीताचा ताप आठवला. मग फोनवर रोज रीताच. 'जेवली का' हे विचारायचंसुद्धा आई विसरू लागली. बाप गेल्यापासून तेवढं एकच विचारणारं माणूस होतं हो दीपमालाला.

रोवणी आटोपून शेताच्या बांध्या सामसूम झाल्या होत्या. चिखलाचा वास घरापर्यंत आला होता. आत अजून दिवा लागला नव्हता.

"कोण हाये?"

"मी वं, आई."

विमलाबाईंनी खुर्ची पुढे केली. गडवाभर पाणी आणून दिलं, पाव्हण्याला देतात तसं.

"आई, रीता कोणी नाही. तिले मीच बनवलं, अभ्यासासाठी. चुकलं माझं."

विमलाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना तिची दया आली होती.

"तेही असंच म्हणे..."

"कोण?"

"रीता. सकाळीच सांगतलं तिनं. म्हणे, आई, दीपमाला नावाची कोणी नाही. मले एकटं वाटे, म्हणून मीच बनवली..." आवाज अगदी खाली आला. "एक दिवस येईल म्हणे. तिच्यावर रागावू नोको. पाणी देजो."

मागच्या अंगणात कोणीतरी पायांचा चिखल धूत होतं. विमलाबाई उठल्या, दोनच ताटांत भात वाढला आणि मागच्या दाराकडे तोंड करून जेवायला हाक मारली.