श्वास घेणारी शेड

"आत जायचं ठरलंय ना, मग जायचंच," टिटवी म्हणाली.

"आत बाबा आहेत. त्यांना त्रास नको," धाकटा जुळा पुटपुटला.

टिटवी सुट्टीला मावशीकडे आली होती. मावशीचे जुळे तिच्याहून दोन वर्षांनी लहान. काकांना, म्हणजे जुळ्यांच्या बाबांना, जाऊन तीन महिने झाले होते. रसाच्या कारखान्यातला सफरचंदाचा चोथा काका या शेडमध्ये वाळवायचे, मावशी तो दळायची आणि ते पीठ बिस्किटवाला हौसेने न्यायचा. आता मात्र शेड भरदुपारी श्वास घेते म्हणून कामगार उंबऱ्याला पाय लावीनात. काकांचा जीव आत अडकलाय, असं मुकादमाने थेट मालकांच्या कानात भरलं होतं. चार वाजता मालक येणार होते. त्यांना पटलं की शेड बंद, चोथा ओढ्यात, अन् मावशीची चक्की कायमची मुकी.

दार करकरलं. आत अंधार अन् नाकात घुसणारा आंबट वास. खुंटीला काकांचं चोथा पसरायचं लाकडी दाताळं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली माणसाहून उंच काहीतरी निजलं होतं. ते फुगलं. थांबलं. मग लांब उसासा टाकून खाली बसलं.

थोरल्याची नखं टिटवीच्या दंडात रुतली. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस! तिने ताडपत्रीवर तळहात टेकला. ऊब होती. ताप भरलेल्या अंगासारखी.

तिने दार सताड उघडलं अन् ताडपत्रीची दोरी सोडली. भस्सकन वाफ आली. खाली नुसता चोथा, ढिगाने कोंबलेला, फसफसणारा.

मालक आले तेव्हा तिने मुकादमालाच गाठलं. "काका चोथा किती जाड पसरायचे हो?"

"दोन बोटं."

"आणि तुम्ही?"

मुकादम चपलेकडे बघू लागला. पसरायचा कंटाळा, म्हणून त्याने ढीग लावून झाकला होता. कोंडलेला चोथा आंबला, तापला, ताडपत्री फुगवू लागला. आपल्याच आळसाला घाबरून गडी भूत सांगत सुटला!

मालकांनी टिटवीची पाठ थोपटली. आंबलेला चोथा खताला, ताजा मुकादमाने स्वतः पसरायचा, अन् शेड चालू.

"जीव खाणारी कार्टी एकदाची कामाला आली," मावशी म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे आरतीच.

धाकट्याने मात्र ताडपत्रीची कड उचलून पाहिली. "म्हणजे बाबा नव्हतेच."

मावशीने खुंटीवरचं दाताळं काढून त्याच्यापुढे धरलं. "झिजलंय तिथे हात ठेव."

त्याने ठेवला. दांड्यातल्या खळग्यात त्याची बोटं अलगद बसली. त्याने दाताळं ओढलं. फरशीवर खर्र आवाज झाला, अगदी काकांच्या हातचा.

मावशीने पदर तोंडाला लावला. "दोन बोटं," ती म्हणाली. "जास्त नको."