एका गल्लीतले सात रोगी

रंगारी आला तो हातपाय गाळूनच. "ताई, माझ्या रंगकारखान्याला टाळं लागणार. लाळग्रंथीचा कर्करोग शहरात लाखात एखाद्याला होतो, आमच्या एका गल्लीत सात जण! लोक म्हणतात, तुझ्याच रंगामुळे."

"कामगारांपैकी कुणाला?" गुप्तहेर ताईंनी विचारलं.

"एकालाही नाही. जन्म गेला त्यांचा रंगात."

हा थापा मारतोय, असं ताईंच्या धाकट्या भावाला लगेच वाटलं. चुकीचा चोर पकडण्यात त्याचा हात कुणी धरला नसता!

सातही रोगी एकाच इमारतीत होते. मालकीण काकू दार अडवून उभ्या राहिल्या. "कशाला छळता आजाऱ्यांना? वीस वर्षं राहतात इथे. इमारतीमागच्या इस्पितळात शहरातल्यांना फुकट उपचार आहेत म्हणून तगलेत बिचारे. या रोगाचं यंत्र अख्ख्या मुलखात तिथेच आहे."

आत खाटेवर गालाला पट्टी बांधलेले आजोबा होते.

"रंगाचा वास येतो?" ताईंनी विचारलं.

"येतो की. वीस वर्षं येतोय," आजोबा काकूंकडे बघत म्हणाले.

इतक्यात कारखान्याच्या बॉयलरनं वाफ सोडली. काय तो आवाज! आजोबा ताडकन उठून बसले, धाकट्यानं हातातला चहा शर्टावर सांडला. काकू मात्र उशी सारखी करत राहिल्या.

"रोजचंच आहे," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ताईंनी रंगाऱ्याला आणि शहरातल्या कर्करोग्यांची मोजणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना काकूंच्या स्वयंपाकघरात बोलावलं.

"रोजच्या आवाजाला वीस वर्षांचा रहिवासी दचकत नाही," ताई म्हणाल्या. "हे सातही जण बाहेरगावचे. रोग घेऊनच ते इस्पितळातल्या त्या एकुलत्या यंत्रासाठी इथे आले. गल्लीनं त्यांना रोग दिला नाही, म्हणून तर कामगार धडधाकट आहेत."

काकूंना रडू फुटलं. "मीच शिकवलं त्यांना खोटं बोलायला. आता हाकलतील हो त्यांना!"

रंगारी काकूंकडे वळला. "मग हे बाहेर सांगायचं नाही. लागू दे टाळं," तो म्हणाला. "मी दुसरीकडे कुठेही रंगवीन. त्यांनी कुठे जायचं?"

धाकट्याला भडभडून आलं. या माणसाला आपण खोटारडा ठरवलं होतं!

"कुणी कुठे जायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज शहरात राहता ना, एवढंच इस्पितळ बघतं. वीस वर्षांची अट कुणी सांगितली तुम्हाला?"

"कुणी नाही. भीतीच वाटली," काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई मोजणीची वही घेऊन आत गेल्या आणि खाटेशी बसल्या. "आजोबा, मूळ घर कुठे तुमचं?"

आजोबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी होकारार्थी मान हलवली.

"नदीच्या काठाला," आजोबा म्हणाले, आणि पट्टीआडून अडखळत का होईना, घराबद्दल बोलतच सुटले.