चुका फक्त माझ्याच टेबलावर

तो पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आला तो वॉशिंग मशीनच्या चुका निस्तरायला. घरगुती यंत्रांच्या खोक्यात जी इंग्रजी माहितीपुस्तकं असतात ना, ती आमच्या ऑफिसात लिहिली जातात. तो लिहिणारा, मी तपासणारी. आमची पद्धत अशी, की चूक सापडली की लिहिणाऱ्यानं तपासणाऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचं, वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि तिथंच सुधारायचं.

“‘मोअर क्वाएटर’?” मी विचारलं. “क्वाएटर म्हणजेच जास्त शांत. वर आणखी ‘मोअर’ कशाला?”

“फारच शांत आहे हो ते मशीन.”

“आणि कशापेक्षा शांत? ‘दॅन’ लावून सांगायला नको?”

“तुमच्यापेक्षा तरी नक्कीच!”

मला हसू आलं... पण दाखवलं नाही.

मग रोजचंच झालं. मिक्सरला ‘ॲज फास्ट दॅन’. मी सांगायचं, अहो, ‘ॲज’पुढे ‘ॲज’च येतं. नव्या इस्त्रीचं वजन म्हणे जुन्या इस्त्रीपेक्षा कमी! वजनाची तुलना वजनाशी नको करायला? तो हनुवटीला हात लावून ऐकायचा, कागदाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. त्याची चाहूल लागली की माझा हात आपोआप केसांकडे जायचा.

एके सकाळी साहेबांनी बोलावलं. “तो अजून कायम झालेला नाही. एवढं साधं येत नसेल तर सोमवारपासून नको. तुमचं मत संध्याकाळपर्यंत सांगा.”

जेवताना शेजारच्या टेबलावर तपासणाऱ्या काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “काहीतरीच काय! माझ्याकडे त्याचं एक वाक्य चुकत नाही गं.”

मी डबा तसाच टाकून उठले आणि त्याला गाठलं.

“मुद्दाम चुकतोस?” रागात ‘तुम्ही’ कुठल्या कुठे पळालं.

तो कानापर्यंत लाल. “नाही चुकलो तर... तुमच्याशेजारी बसायचं कसं?”

“अरे गाढवा, नोकरी जाईल!”

“जाऊ दे,” तो म्हणाला, आणि लगेच, “नको — मग तुम्ही दिसणार कशा?”

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. “त्याला सगळं येतं, सर. माझ्याजवळ बसायला मिळावं म्हणून चुकतो.”

साहेबांनी चष्मा काढला. “आणि तुम्ही?”

“मी... बसू देते.”

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. त्याला कायम केलं. पण त्याचं सगळं काम यापुढे काकूंकडे.

ऑफिस सुटताना तो आला. खुर्ची ओढली, पण बसला नाही.

“आता काय चुकलं?”

“काही नाही. कागदच नाही आणला.” त्यानं रिकामे हात दाखवले. “मला तू आवडतेस — एवढंच सांगायचं होतं.”

“मला पण तू!” मी म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्यानं निघालं की आख्ख्या ऑफिसनं मान वर केली.