मिटलेल्या झाकणाखाली

चैत्र संपत आला होता. मी आणि माझी बहीण भुवनेश्वरी अक्का साखर पेठेत चनबसप्पा मास्तरांच्या घरी लॅपटॉप आणायला गेलो होतो. मास्तरांनीच अक्काला चादरी आणि वॉलहँगिंगची डिझाइनं काढायला शिकवलं. थंडीत ते गेले. त्यांच्या बायकोनं, मल्लव्वांनी, लॅपटॉप अक्काच्या हातात दिला आणि दारापर्यंत येऊन हळूच म्हणाल्या, "यंत्र लई चांगलं हाय, भुवी. फकस्त दुपारचं झोपत न्हाय."

अक्का हसली. मीही हसले.

त्या सोमवारी अक्का अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तिचं पहिलं स्वतंत्र डिझाइन दाखवायला गेली. तिथं सोमवारी दुपारी लाइट नसते, माग बंद असतात, म्हणून मालक अमृतशेठ निवांत बघतात. पूर्ण चार्ज करून, झाकण मिटून नेलेला लॅपटॉप तिनं शेठसमोर उघडला, तर मेलेला. शेठ म्हणाले, "मॅडम, काळा पडदाच विणायचा का मग?" पुढच्या सोमवारी दाखवता आलं नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं.

अक्का रडली नाही. मला तिचं हेच आवडतं. बिघाडाकडे ती रागानं बघत नाही, नवीन माणसाकडे बघावं तशी बघते.

"पूर्ण बंद करून ने की," मी म्हणाले.

"नेईन गं. पण का उतरते ते कळायला नको?"

आधी तिनं झोपेतही वायफाय चालू ठेवणारी सोय बंद केली. मग ठरल्या वेळी आपोआप जागं करणारे टायमर. मग माऊस हलला की जागं होणं. एका वेळी एकच बदल करायचा आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी बघायची. रात्री ती जवळजवळ तेवढीच राहायची. दुपारी घर आडवं झालं की उतरायची. शेवटी अक्कानं मशीनमधली नोंदच काढली, की हा जागा होतो कशानं? नोंद होती: झाकण उघडल्यामुळे.

झाकण कुणीच उघडलं नव्हतं.

"आत लोहचुंबक असतो," अक्का म्हणाली. "झाकण मिटलंय की नाही, ते त्यावरून कळतं त्याला. तेच बिघडलं असेल." शनिवारी तिनं लॅपटॉप ओढणीत घट्ट बांधला आणि आम्ही दोघी त्याच्यासमोर बसलो.

वरच्या खोलीचा पत्रा तापून कटकट वाजत होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लाइट गेलेली, पंखा थांबलेला. त्या शांततेत एक बारीक घरघर सुरू झाली. आधी वाटलं, माझ्याच कानात आहे. मग वास आला, ओल्या सुताचा आणि खळीचा. आमच्या घरात सूत नाही. ओढणीतून निळसर उजेड झिरपू लागला.

"अक्का… जागा झाला."

"दिसतंय मला. हलू नको…"

गाठ तशीच होती. तिनं ती सोडली, झाकण उचललं. तिचं डिझाइन उघडलेलं होतं आणि माऊसचा बाण गुलाबाच्या एका पाकळीवर थांबला होता. अक्का वाकून बघत राहिली.

"इथं धागा फार लांब सुटतोय, पिंके. विणल्यावर अडकून तुटला असता… माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

"पण पासवर्ड कुणी टाकला?"

तिनं पुन्हा नोंद पाहिली. तिचा आवाज अगदी खाली गेला. "टाकलेलाच नाही. चेहरा बघून उघडलाय. मास्तरांचा चेहरा अजून आत आहे…"

मिटल्यावर झाकणाखाली बोट शिरायलासुद्धा जागा उरत नाही. तिथं कॅमेऱ्यानं कुणाला पाहिलं?

अक्कानं आधी पाकळी दुरुस्त केली. मग हात जोडले. "मास्तर, आता मी बघते," असं म्हणून तिनं त्यांचा चेहरा काढून टाकला आणि स्वतःचा नोंदवला. रविवारी दुपारभर बॅटरी हलली नाही.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. अंधाऱ्या कारखान्यात माग गप्प उभे होते. अक्का बाकावर बसली, मी बाजूला खांबाशी. शेठ पलीकडे, स्क्रीनच्या पाठीमागं. बॅटरी भरलेली होती. पण चेहरा ओळखण्याऐवजी स्क्रीनवर अक्षरं आली: कॅमेऱ्यासमोर एकाच व्यक्तीने बसावे.

अक्का एकटीच बसली होती.

तिनं वळून पाहिलं नाही. ती फक्त सरकत सरकत बाकाच्या टोकाला गेली, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. त्याच्यासमोर आता नुसता बाक होता.

कुलूप निघालं. डिझाइन उघडलं.

अक्कानं स्क्रीन शेठकडे वळवली आणि शांत आवाजात सगळं समजावलं. शेठनं पाकळीवर बोट ठेवलं. "हितं धागा आवरलाय व्हय? अशी नजर लई दिवसांनी बघितली, मॅडम. विणू या."

बाहेर ऊन भाजत होतं. अक्कानं लॅपटॉप मिटला नाही. उघडाच, दोन्ही हातांवर धरून ती स्टॉपकडे चालत राहिली. मीही तिला मिटायला सांगितलं नाही. कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा चालूच होता.